रॅम टाकली की कॉम्प्युटर पळेल का?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, जुना डेस्कटॉप स्लो झालाय, कोणीतरी सांगितलंय रॅम, म्हणजे चालू काम ठेवायची मेमरी, वाढवा, तर वाढवू का. म्हणून अख्खं सदर याच विषयाला दिलंय. एरवी मी म्हटलं असतं की टाकून बघा, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरीला एवढी मागणी आहे की मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी अंदाजाने पैसे घालणं परवडत नाही, आणि खरं तर घालायची गरजही नाहीये कारण कॉम्प्युटर कशासाठी अडलाय हे तो स्वतःच सांगतो, आपण बघायला पाहिजे.

प्रश्न (कराड) : नमस्कार ताई. वडिलांचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे, तिथला डेस्कटॉप २०१३ चा आहे. तिसऱ्या पिढीचा आय३, एच६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी चालू केला की चहा पिऊन होतो तरी टॅली उघडत नाही. दुपारी क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल, इन्कम टॅक्सचं पोर्टल, चार पीडीएफ, सोबत टॅली आणि एक्सेल असं सगळं उघडं असलं की माऊससुद्धा अडकत अडकत चालतो. दुकानदार म्हणतो अजून ४ जीबी रॅम टाका, विमानासारखा पळेल. बाबा म्हणतात नवीनच घेऊन टाकू. टास्क मॅनेजरचे दोन फोटो पाठवलेत, एक सकाळचा एक दुपारचा. काय करावं?

उत्तर : फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत, आणि दोन वेगवेगळ्या वेळचे पाठवलेत हे तर त्याहून बरं. बाकीच्या वाचकांसाठी सांगते, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. बघायचं ते कॉम्प्युटर रडत असतानाच, निवांत असताना बघून काही कळत नाही.

आता तुमचा सकाळचा फोटो. मेमरी ३.९ पैकी १.९ जीबी वापरात, म्हणजे निम्मी रिकामी. डिस्क मात्र १०० टक्के, सरासरी प्रतिसादाचा वेळ ७८० मिलिसेकंद आणि वाचायचा वेग सेकंदाला फक्त १.८ एमबी. हा शेवटचा आकडा नीट बघा. हीच हार्ड डिस्क एखादी मोठी फाईल सलग कॉपी करताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास सहज देते, मग सकाळी पूर्ण ताकद लावूनही १.८ वर का अडकते? कारण विंडोज सुरू होताना एक सलग मोठी फाईल वाचत नसतं, ते हजारो लहान लहान तुकडे डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलत असतं, आणि प्रत्येक तुकड्यासाठी डिस्कचं हेड जागचं हलवावं लागतं आणि मग तबकडी फिरून तो तुकडा हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या, डिस्कला एक फेरा मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात, सरासरी अर्धा फेरा म्हणजे चार, आणि हेड हलायला साधारण आठ-नऊ, असे मिळून एका तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद गेले. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० तुकडे. एकेक तुकडा २०-२५ केबीचा धरला तर हिशोब पावणेदोन-दोन एमबीवर येतो, तुमच्या फोटोतही तेवढाच आहे. या वेळी मशीनमध्ये ४ च्या ऐवजी १६ जीबी रॅम असती तरी सकाळचं हे रखडणं तसंच राहिलं असतं, कारण आहे तीच रॅम अर्धी रिकामी बसलीये.

दुपारचा फोटो वेगळी गोष्ट सांगतो. मेमरी ३.९ पैकी ३.६ जीबी भरलेली, ९२ टक्के, आणि त्याच्या खाली कमिटेड म्हणून जो आकडा आहे तो ६.४ जीबी. कमिटेड म्हणजे सगळ्या उघड्या प्रोग्रॅमनी मिळून विंडोजकडे मागून घेतलेली जागा. ही सगळी एकाच वेळी लागत नाही, त्यामुळे ६.४ जीबी रॅम हवीच असा त्याचा अर्थ होत नाही, पण हातात ३.९ असताना मागणी एवढी वर गेली की विंडोज थोडं दाबून बसवतं आणि उरलेलं हार्ड डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये, म्हणजे रॅमला पर्याय म्हणून राखलेल्या जागेत, टाकतं. मग तुम्ही टॅलीतून क्रोमकडे आलात की क्रोमचं सामान डिस्कवरून परत आणायचं आणि त्यासाठी टॅलीचं डिस्कवर टाकायचं, आणि हे सगळं त्याच सेकंदाला ८० तुकड्यांच्या वेगाने. माऊस अडकतो तो यामुळे.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते म्हणून जरा थांबून सांगते. दोन्ही फोटोंत डिस्क १०० टक्केच आहे, नुसता तो आकडा बघितला तर दोन्ही वेळा दोष डिस्कचा वाटेल, पण सकाळी डिस्क स्वतःच्या कामाने दमलीये आणि दुपारी ती रॅमची कमतरता भरून काढताना दमलीये. फरक कळायला परफॉर्मन्सच्या पानावरूनच रिसोर्स मॉनिटर उघडा, त्यात मेमरीच्या टॅबवर हार्ड फॉल्ट्स म्हणून आलेख असतो, रॅममध्ये नसलेली गोष्ट सेकंदाला किती वेळा डिस्कवरून आणावी लागली ते तो दाखवतो. नवीन प्रोग्रॅम उघडताना तो क्षणभर वर जाणारच, त्यात काही नाही, पण काहीही नवीन न उघडता नुसतं आधीच उघडलेल्या एका खिडकीतून दुसरीत जाताना तो सेकंदाला शेकड्यांनी चढत असेल आणि खाली येतच नसेल तर रॅम कमी पडतेय हे नक्की समजा.

म्हणजे दुकानदार अर्धा बरोबर आहे. तुमच्या मशीनला दोन्ही दुखणी आहेत. पण एकाच गोष्टीला पैसे असतील तर मी आधी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लागणारी चिपवाली डिस्क, टाकायला सांगेन. एसएसडीत फिरणारं काही नाही, तुकडा शोधायला तिला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतो, त्यामुळे सकाळचा त्रास तर जवळजवळ संपेलच आणि दुपारी पेजफाईलची ये-जा चालू राहिली तरी ती एसएसडीवर होईल, माऊस तरी अडकणार नाही. कोणी सांगेल की एच६१ वर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या जोडणीचा, जुना, सेकंदाला ३ गिगाबिटवाला वेग आहे, तिथे एसएसडी पूर्ण पळत नाही. खरंय, सलग वाचनात ती २५०-२८० एमबीच्या वर जाणार नाही, पण तुमचं दुखणं सलग वाचनाचं नाहीच, लहान तुकड्यांचं आहे, आणि तिथला फायदा जवळजवळ सगळा मिळतो.

दुसरं कारण पैशाचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने जी वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा तिसऱ्या पिढीचा. ज्या मशीनवर अशिलांचे पॅन, पासवर्ड, बँकेचे तपशील आहेत ती मशीन अपडेट बंद झाल्यावर इंटरनेटला जोडून ठेवणं मला अजिबात पटत नाही, म्हणून बाबा नवीन घ्यायचं म्हणतायत ते चुकीचं नाहीये, फक्त आजच्या आज घ्यायची घाई नको. आत्ता घेतलेली साटा एसएसडी उद्या नवीन मशीनमध्ये सरळ लागेल. या मशीनची डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची, रॅम मात्र नवीन मशीनमध्ये बसणारच नाही, तिथे घातलेले पैसे या मशीनबरोबरच जातील. म्हणून रॅम घ्यायचीच तर ४ जीबीची एकच, वापरलेली, तपासून घेतलेली पट्टी घ्या आणि एकूण ८ वर थांबा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते लिहिलेलं असतं, तुमच्या फोटोत २ पैकी १ दिसतोय, म्हणजे जागा आहे.

आणि हे सगळं करायच्या आधी, शक्य असेल तर आजच, टॅलीचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर आणि अजून एका ठिकाणी कॉपी करून ठेवा. ७८० मिलिसेकंद हा आकडा दमलेल्या डिस्कचा असतो तसा मरायला टेकलेल्या डिस्कचाही असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाकून बघा, निळ्याऐवजी पिवळी पाटी दिसली आणि पेंडिंग सेक्टरच्या ओळीत शून्याऐवजी काही आकडा असला तर डिस्क बदलणं हा वेगाचा प्रश्न राहत नाही, बाबांच्या इतक्या वर्षांच्या कामाचा प्रश्न होतो.

प्रश्न (लातूर) : माझं डीटीपी आणि फ्लेक्स डिझाईनचं दुकान आहे. मशीन नवव्या पिढीचा आय५, ८ जीबीची एकच डीडीआर४ पट्टी, २५६ जीबी एसएसडी. कोरलमध्ये लग्नपत्रिका करताना काही त्रास नाही पण फोटोशॉपमध्ये मोठा फ्लेक्स घेतला, म्हणजे १० बाय २० फुटाचा, की प्रत्येक कमांडला मिनिटभर थांबावं लागतं, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. एसएसडी तर आहे मग आता रॅम १६ करू की ३२?

उत्तर : तुमच्याकडे रॅमच कमी पडतेय यात मला शंका नाही, आणि रॅम घ्याच असं मी सांगणार आहे, पण त्याआधी एक प्रश्न, फाईल किती डीपीआयला, म्हणजे एका इंचात किती ठिपके घेऊन, उघडता? कारण पत्रिकेची सवय असलेले आपले बरेच ऑपरेटर फ्लेक्ससुद्धा ३००ला घेतात, आणि मग होतं काय ते करून बघू. २० फूट म्हणजे २४० इंच, गुणिले ३००, झाले ७२,००० पिक्सेल. १० फूट म्हणजे १२० इंच, झाले ३६,०००. दोन्हींचा गुणाकार २५९ कोटी पिक्सेल, सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे नुसता एक भरलेला लेयर १० जीबीच्या वर गेला. त्यावर नेत्याचा फोटो, मागे भगवा नाहीतर निळा ग्रेडियंट, खाली शुभेच्छुकांच्या वीस चेहऱ्यांचे लेयर, आणि वर फोटोशॉपची हिस्टरी. याला ३२ जीबीसुद्धा पुरणार नाही. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाईल तर ३०,००० पिक्सेलच्या पुढे सेव्हच होत नाही, पीएसबी करावी लागते, तुम्हाला ती सूचना येत असेल तर समजा की माप गरजेपेक्षा फार मोठं घेतलंय.

तोच फ्लेक्स ७२ डीपीआयला घेतला तर १७,२८० गुणिले ८,६४०, म्हणजे पंधरा कोटी पिक्सेल, एक लेयर ६०० एमबीच्या आत. सतरापट हलका. चौकात पंधरा-वीस फुटांवरून बघायच्या बोर्डला एवढं चालतं, ज्यांच्याकडे प्रिंट काढता त्यांना एकदा विचारून घ्या, ते स्वतःच ७२ ते १०० च्या मध्ये काहीतरी सांगतील. यात एक रुपया जात नाही आणि फरक लगेच दिसतो म्हणून हे आधी करा.

नंतर रॅम किती लागेल ते फोटोशॉपलाच विचारा. खिडकीच्या खाली डाव्या बाजूला जी पट्टी असते, जिथे फाईलचा आकार दिसतो, तिथल्या बाणावर क्लिक करून एफिशियन्सी निवडा. काम करताना तो आकडा १०० टक्के असेल तर सगळं रॅममध्ये मावतंय, अजून रॅम टाकून फायदा नाही. १०० च्या खाली यायला लागला की फोटोशॉप स्क्रॅच डिस्क वापरतंय, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर ठेवतंय. तुमची नेहमीची फाईल ७२ला करून, नेहमीचे सगळे लेयर घेऊन, मागे कोरल आणि व्हॉट्सअप वेब उघडं ठेवून हा आकडा बघा.

माझा अंदाज असा की ७२ला आल्यावर १६ जीबीत तुमचं काम आरामात होईल. आहे तशीच अजून एक ८ जीबीची पट्टी घ्या, एकच १६ ची घेऊन जुनी काढून ठेवण्यापेक्षा हे बरं, पैसेही वाचतात आणि दोन सारख्या पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकदम डेटा घेतो, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर बहुतेक वेळा एक सोडून एक असे दोन वापरायचे असतात, बोर्डच्या पुस्तकात दिलेलं असतं. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फायदा जास्तच जाणवेल कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्ससुद्धा याच रॅमवर चालतं. दुकानात २६६६ ची मिळाली नाही, ३२०० ची मिळाली तर बिनधास्त घ्या, ती तुमच्या मशीनवर २६६६ ने चालेल. आणि २५६ ची एसएसडी काठोकाठ भरलेली असेल तर तीही मोकळी करा, स्क्रॅचला जागा उरली नाही तर फोटोशॉप मध्येच काम थांबवतं, आणि ते नेमकं गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच होतं.

प्रश्न (बुलढाणा) : मुलाने ऑनलाइन मागवून ४ च्या जागी ८ जीबी रॅम केली, पण काहीच फरक नाही. सिस्टीममध्ये "८ जीबी, वापरण्याजोगी ३.२ जीबी" असं दिसतंय. रॅम डुप्लिकेट आली का?

उत्तर : रॅम बहुधा चांगली आहे, परत करायची घाई करू नका. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडा, सिस्टीम टाइपच्या पुढे ३२ बिट लिहिलेलं दिसेल असं मला वाटतं. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीच्या पुढचे पत्तेच मोजता येत नाहीत, आणि त्या ४ मधलाही काही भाग ग्राफिक्स आणि बाकीच्या हार्डवेअरला द्यावा लागतो म्हणून हातात तीन-सव्वातीन उरतात. प्रोसेसर त्याच पानावर ६४ बिटचा दाखवत असेल तर ६४ बिटची विंडोज टाकली की पूर्ण ८ जीबी मिळेल. विंडोज १० चं लायसन्स दोन्हीला चालतं, नवीन विकत घ्यावं लागत नाही. मात्र हे वरच्या वर अपग्रेड होत नाही, सी ड्राइव्ह साफ करून नव्याने टाकावी लागते, तेव्हा फोटो, कागदपत्रं सगळं आधी बाहेर काढा. अजून एक बघून घ्या, घरात जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा डोंगलवर चालणारं एखादं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का. नाहीतर कॉम्प्युटर पळायला लागेल आणि प्रिंटर बंद पडेल.

प्रश्न (मालेगाव) : यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात डेस्कटॉप आहे, सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, एसएसडीही टाकलीये. सकाळी एकदम मस्त चालतो, अकरा-बारा वाजले की रेंगाळतो, पंखा जोरात आवाज करतो. उन्हाळ्यात तर फारच. रॅम १६ करू का?

उत्तर : नको. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं गरम होण्याची आहेत. दुपारी स्लो झाला की टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर दोन आकडे बघा, बेस स्पीड आणि त्या क्षणाचा स्पीड. कामाचा लोड असताना, म्हणजे वापर ८०-९० टक्के दिसत असताना, चालू स्पीड बेस स्पीडच्या बराच खाली असेल तर प्रोसेसर गरम झाल्यामुळे स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतोय. मालेगाव असो नाहीतर इचलकरंजी किंवा भिवंडी, मागाच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात कापसाची बारीक धूळ हवेत कायम असते, ती पंख्यातून आत जाते आणि पंख्याच्या खाली जो ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो त्याच्या पात्यांवर चिकटून गादीसारखा थर होतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही जोरात, पण हवा खाली पोचतच नाही.

मशीन बंद करून, वायर काढून, साइडचं झाकण उघडा. पंखा हीटसिंकला धरून ठेवणारे क्लिप किंवा स्क्रू सोडवून पंखा वर उचलला की तो थर दिसेल. ब्लोअरने उडवा, पण ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते प्रमाणाबाहेर वेगाने फिरून खराब होतं. हीटसिंक काढलाच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावल्याशिवाय परत बसवू नका. हे दर दोन-तीन महिन्यांनी करायला लागेल, तुमच्याकडची हवा बघता वर्षातून एकदा पुरणार नाही, आणि शक्य असेल तर कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, धूळ खालीच जास्त साचते.

प्रश्न (मुंबई) : रॅम मोकळी करणारी सॉफ्टवेअर येतात ती टाकावीत का? माझ्याकडे ८ जीबी आहे, फार काही उघडलेलं नसतानाही ५० टक्के भरलेली दिसते.

उत्तर : अजिबात टाकू नका. तो आकडा विंडोज आणि मागे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा आहे, ८ जीबीत तेवढा असतोच. उरलेली रिकामी रॅमही विंडोज तशीच पडू देत नाही, तुम्ही नेहमी वापरता ते प्रोग्रॅम आणि फाइली आधीच तिच्यात आणून ठेवतं म्हणजे उघडताना डिस्ककडे जावं लागत नाही, आणि खरी गरज पडली की ती जागा क्षणात सोडतं. ही सॉफ्टवेअर ते आणि चालू प्रोग्रॅमचंही सामान जबरदस्तीने बाहेर फेकतात, आकडा खाली आलेला दिसतो, आणि पुढचं प्रत्येक काम डिस्कवरून नव्याने करावं लागतं. ८ पैकी ४ भरलेली असताना कॉम्प्युटर स्लो वाटत असेल तर सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये बघा, आणि दोन अँटिव्हायरस तर एकदम चालू नाहीत ना तेही.

प्रश्न (म्हापसा, गोवा) : मुंबईला गेलो होतो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून वापरलेली ८ जीबीची पट्टी आणली. लावली तर स्क्रीन काळी, नुसता बीप बीप आवाज. पट्टी काढली की पूर्वीसारखं चालू. गेले का पैसे?

उत्तर : इतक्यात नाही. पहिल्यांदा दोन्ही पट्ट्या बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवा आणि खालच्या सोनेरी कडेला जी खाच आहे ती बघा. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती जुळत नसेल तर पट्टी त्या स्लॉटमध्ये बसतच नाही, आणि जोर लावून बसवायचा प्रयत्न केला असेल तर तो लगेच थांबवा, पट्टीपेक्षा स्लॉट तुटणं महागात जातं. लेबलवर पीसी३ लिहिलंय म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४. पीसी३च्या पुढे एल असेल तर ती १.३५ व्होल्टची, साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची. ही एलवाली साध्याच्या जागी सहसा चालते.

खाच जुळतेय तर मग साफसफाई. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर चढतो आणि वापरलेल्या रॅममध्ये तर तो असतोच. पांढरा मऊ खोडरबर घेऊन दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा, कचरा ब्रशने झाडा, हाताची बोटं सोन्याला लावू नका. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा स्पर्श करा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते. मग वायर काढलेली असताना पट्टी सरळ दाबा, एका किंवा दोन्ही बाजूंचे क्लिप आपणहून खट्ट करून बसले पाहिजेत, बरेचदा एक बाजू अर्धवट वर राहते आणि तेवढ्यानेच बीप येतो.

तरीही बीप आला तर जुनी काढून फक्त नवीन पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये लावून बघा. एकटी चालली, पण जोडीने नाही, तर दोघींचं जमत नाहीये. एकटीही नाही चालली तर दुसऱ्या कोणाच्या त्याच प्रकारच्या मशीनमध्ये लावून बघा, जुन्या बोर्डांना काही ८ जीबीच्या पट्ट्या ओळखताच येत नाहीत आणि तीच पट्टी दुसरीकडे व्यवस्थित चालते. आणि चालू झालीच, तर विंडोजच्या सर्चमध्ये मेमरी डायग्नोस्टिक टाइप करून ती टेस्ट एकदा पूर्ण होऊ द्या, किंवा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ती पट्टी ठेवू नका, खराब रॅम मशीन स्लो करत नाही, ती गुपचूप फाइली बिघडवते. बिल जपून ठेवा आणि दुकानदाराने बदलून द्यायची मुदत किती दिवसांची सांगितली होती ते आजच फोन करून विचारा.